विहिरीला कठडा नव्हता : वाचकांचे प्रश्न, पाळकांची उत्तरे

'देवाचे सार्वभौमत्व आणि आपले अधीन होणे' या विषयावर गेल्या अंकात प्रश्न मागवले होते. संपादकांनी पिशवीभर पत्रे पाठवली. निवृत्त पाळकाला दुसरे काम नसते असा त्यांचा समज आहे. त्यांतली पाच घेतली आहेत. पहिल्या पत्राला जागा फार गेली, बाकीच्यांनी राग मानू नये.

प्रश्न : आमचा धाकटा मुलगा गेल्या पावसाळ्यात गेला. २३ वर्षांचा होता. रात्रपाळी करून मोटारसायकलवर येत होता, पाण्याने भरलेला खड्डा दिसला नाही. मातीला आलेला जो तो सांगून गेला, 'देवाची इच्छा, त्याच्यापुढे आपले काय चालते.' तेव्हापासून चर्चमध्ये प्रभूची प्रार्थना सुरू झाली की 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' या ओळीला माझे तोंड उघडत नाही. ती ओळ सोडून पुढची म्हणते. हे पाप आहे का? मी देवाच्या अधीन नाही का?
— एक भगिनी, श्रीरामपूर

ताई, पाप नाही. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचे जरा निवांतपणे वाचाल.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस मी नेवासे तालुक्यातल्या एका खेड्यात पाळक होतो. नोकरीचे दुसरेच वर्ष. मंडळीतल्या, म्हणजे चर्चच्या सभासदांतल्या, एका घरची सहा वर्षांची मुलगी विहिरीत पडून गेली. विहीर चर्चच्याच आवारातली, मिशनच्या काळातली, काठ जमिनीला सपाट. माती देऊन आलो आणि संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात दफनाचे रजिस्टर भरायला बसलो. हे रजिस्टर लांबट असते, त्यात आडवे रकाने : अनुक्रम, नाव, वय, मरणाची तारीख, मातीची तारीख, मरणाचे कारण, विधी करणाऱ्याची सही. 'मरणाचे कारण' या रकान्यात मी वळणदार अक्षरात लिहिले, 'प्रभूच्या इच्छेने'. मला ते फार भक्तीचे वाटले होते.

मंडळीचे चिटणीस निवृत्त शाळामास्तर होते. सारे त्यांना गुरुजी म्हणत. त्यांनी नोंद वाचली, चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला, पुन्हा वाचली. मग रजिस्टर माझ्याकडे वळवून म्हणाले, "पाळकसाहेब, जरा मागची पाने वाचा." मी वाचू लागलो. पटकी. पटकी. साप. बाळंतपणात. १९१८ च्या, इन्फ्लुएंझाच्या साथीच्या, पानांवर मानमोडी, मानमोडी, मानमोडी. एकाच घरातले तिघे, तीन दिवसांत. १९०० सालच्या एका नोंदीत एकच शब्द होता : 'भूक'.

"ह्या लोकांचा देवावर विश्वास नव्हता म्हणता का?" गुरुजींनी विचारले. "प्रत्येकाच्या मातीला प्रार्थना झालीच असेल. पण रकान्यात काय विचारलंय तेवढंच त्यांनी लिहिलं."

खाडाखोड त्यांना खपत नसे. तांबड्या शाईने माझ्या शब्दांवरून एक सरळ रेघ ओढली, शेजारी आद्याक्षरे घातली आणि मला लिहायला लावले : 'विहिरीत पडून. विहिरीला कठडा नव्हता.' त्यानंतर बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाचा २२ वा अध्याय काढायला सांगितला, आठवे वचन. नवे घर बांधशील तेव्हा त्याच्या धाब्याला कठडा कर. नाहीतर कोणी वरून पडला तर हत्येचा दोष तुझ्या घरावर येईल. धाबे म्हणजे सपाट छत, हे आम्हा नगरकडच्या माणसांना समजावून सांगावे लागत नाही. उन्हाळ्यात सगळे त्यावरच झोपतात. मी वाचून पुस्तक मिटले. गुरुजी म्हणाले, "विहीर मंडळीची. दोष मंडळीचा. तो तुम्ही वर ढकलत होता."

सिमेंट तेव्हा परमिटवर मिळे. पंचांनी पडक्या शाळेचे दगड काढले आणि चुन्यात कमरेइतका कठडा बांधून घेतला. मुलीची आई त्या विहिरीवर पुन्हा कधी पाणी भरायला आली नाही. चर्चमध्ये मात्र येत राहिली, आणि प्रभूच्या प्रार्थनेत, तुम्ही थांबता, अगदी त्याच ओळीला थांबायची. लोकांना वाटते डोळे मिटले की पाळकालाही काही दिसत नाही. दिसते.

आता शिकवणीकडे येतो. देव सार्वभौम आहे, त्याच्या हाताबाहेर काही नाही, हे मी मानतो. पन्नास वर्षे हेच सांगत आलो आणि त्यातले काही मागे घेत नाही. पण हे मानणारी माणसे पूर्वी तुमच्या दारी आलेल्या मंडळींपेक्षा जास्त जपून बोलत. १६४६ मध्ये वेस्टमिन्स्टरला जमलेल्या धर्मपंडितांनी आपला विश्वास शब्दांत मांडला. देवाच्या सार्वभौमत्वाविषयी त्याहून कडक मजकूर क्वचितच सापडेल. जे जे घडते ते देवाने अनादिकाळापासून ठरवले आहे, असे तिसऱ्या अध्यायाच्या आरंभीच आहे. पण त्याच वाक्यात, पूर्णविराम यायच्या आत, त्यांनी तीन कुंपणे घातली : देव पापाचा कर्ता नाही, मनुष्याच्या इच्छेवर बळजबरी होत नाही, आणि दुय्यम कारणे रद्द होत नाहीत. दुय्यम कारणे म्हणजे ताप, साप, बिनकठड्याची विहीर, न बुजवलेला खड्डा. गुरुजींनी वेस्टमिन्स्टरचे नाव ऐकले होते की नाही देव जाणे. रजिस्टर मात्र त्यांनी त्याच हिशेबाने राखले होते. तुमच्या मुलाच्या रकान्यात खड्डा लिहायचा आहे, ताई. रस्ता ज्या खात्याकडे असेल त्याला लेखी तक्रार अजून दिली नसेल तर द्या. त्यात देवाचा अपमान होत नाही.

दोन चिमण्या दमडीला मिळतात, तरी त्यांतली एकही पित्याच्या आज्ञेशिवाय जमिनीवर पडत नाही, असे येशू मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात म्हणतो. तुम्हाला हे वचन कोणीतरी ऐकवले असणारच. आपल्या भाषांतरांत कुठे 'आज्ञा' हा शब्द घातला आहे, कुठे 'इच्छा'. मूळ ग्रीकमध्ये दोन्ही नाहीत. तिथे एवढेच आहे : 'तुमच्या पित्यावाचून' ती पडत नाही. सेमिनरीत हे शिकलो तेव्हा व्याकरणाची एक बारीक गंमत म्हणून वहीत टिपून ठेवले. त्याचे वजन कळायला मला ती सहा वर्षांची मुलगी पुरावी लागली.

मग देवाने आवरले का नाही? मुलेबाळे आणि सारे काही गमावलेल्या, बायबलमधल्या ईयोबानेही हेच विचारले. चार अध्याय देव बोलतो. मृगनक्षत्र, रानगाढव, शहामृग, सुसर सगळे येते, कारण तेवढे येत नाही. 'परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले' हे ईयोबाचे वाक्य आपण थडग्यांवर कोरतो. पण ते पहिल्या अध्यायातले आहे. तिसऱ्यात तोच माणूस आपल्या जन्मदिवसाला शाप देतो आणि पुढे तीसेक अध्याय देवाशी वाद घालतो. त्याचे मित्र मात्र सारा वेळ देवाची बाजू घेऊन बोलतात, अगदी शास्त्रशुद्ध. शेवटी देवाचा कोप होतो तो त्या मित्रांवर : माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसे यथार्थ बोलला तसे तुम्ही बोलला नाही. तुमच्या ओसरीवर बसून गेलेल्या मंडळींना ४२ व्या अध्यायाचे सातवे वचन वाचून दाखवावेसे मला फार वाटते. पण तीही आपलीच माणसे. काय बोलावे हे सुचले नाही की माणूस देवाचे नाव पुढे करतो. मीही केले होते.

राहिली ती ओळ. 'माझ्या इच्छेप्रमाणे नको, तर तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' हे गेथशेमाने बागेत येशू म्हणाला. त्याला ते कोणी ऐकवलेले नाही. त्याचा शिष्य पेत्र याने त्याच्या खांद्यावर हात ठेवून 'प्रभुजी, आता देवाची इच्छा' असे म्हटले नाही. पेत्र झोपला होता. हे वाक्य ज्याचे त्याने आपल्या तोंडाने म्हणायचे असते. आणि येशूनेही ते आधी म्हटले नाही. आधी म्हणाला, होईल तर हा प्याला टळून जावो. तीनदा उठला, तीनदा परत गेला. टळू दे म्हणणे हे अधीन होण्याच्या आतलेच आहे.

शिवाय ओळीचे शब्द नीट पाहा : 'जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही तुझ्या इच्छेप्रमाणे होवो.' पृथ्वीवर सगळे आधीच त्याच्या मनासारखे होत असते तर असे मागायला कोणी शिकवले असते का? तेव्हा ही ओळ म्हणताना तुमचा मुलगा गेला त्याला तुम्ही रुकार देत नाही. हवे तर त्याविरुद्ध अर्ज करता. म्हणवेल तेव्हा म्हणा. तोवर शेजारच्या बाकावरची बाई म्हणते आहे. प्रार्थनेचा पहिलाच शब्द 'आमच्या' आहे, 'माझ्या' नाही, तो अशाच दिवसांसाठी.

प्रश्न : सर, मी पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. होस्टेलमध्ये आमचा बायबल अभ्यासाचा गट आहे. एक मित्र म्हणतो की कोणाचे तारण होणार हे देवाने जगाच्या आधीच ठरवले आहे, माणसाची निवड हा भास आहे. दुसरा म्हणतो, मग प्रार्थना कशाला आणि सुवार्ता कशाला? गट फुटायला आला आहे. बरोबर कोण?
— एक विद्यार्थी, पुणे

अरे, तुमचा गट फुटला तर चांगल्या संगतीत फुटेल. पाचव्या शतकात ऑगस्टीन आणि पेलागियस यावरून भांडले. १५२४ मध्ये इरॅस्मसने मनुष्याच्या मोकळ्या इच्छेची बाजू घेऊन लिहिले, पुढच्याच वर्षी ल्यूथरने ती इच्छा बांधलेली आहे असे उलटून लिहिले. हॉलंडमध्ये आर्मिनियसच्या शिष्यांनी १६१० मध्ये माणसाच्या निवडीच्या बाजूने पाच मुद्दे मांडले. त्यांना उत्तर द्यायला १६१८-१९ मध्ये डॉर्ट गावी सभा भरली. सारे देवाने आधीच ठरवले आहे असे मानणारे ज्या पाच मुद्द्यांना 'ट्युलिप' म्हणतात ते त्या सभेचे सार. तो शब्द सभेत कोणी उच्चारला नव्हता, इंग्रजी अक्षरे जुळवून केलेली ती फार पुढची सोय आहे. कॅथलिकांतही हेच. येशूसंघीयांचा मोलिना आणि डोमिनिकनांचा बान्येझ यांच्या पक्षांचा वाद रोममध्ये १५९८ पासून जवळजवळ दहा वर्षे चालला. शेवटी १६०७ मध्ये पोप पाचवे पॉल यांनी निकाल न देताच सर्वांना घरी पाठवले आणि बजावले की एकमेकांना पाखंडी म्हणायचे नाही. पोपपदाच्या इतिहासातल्या ज्या मोजक्या आज्ञा मला, एका प्रॉटेस्टंट पाळकाला, मनापासून पटतात त्यांतली ही एक.

दुसऱ्या मित्राच्या प्रश्नाला उत्तर म्हणून विल्यम केरीकडे पाहा. बाप्टिस्ट, आणि तारायचे कोणाला हे देवच निवडतो ही शिकवण मानणारा. परदेशी सुवार्ता नेण्याचा विषय त्याने काढला तेव्हा एक ज्येष्ठ पाळक 'तरुणा, खाली बस. देवाला परराष्ट्रीयांना तारायचेच असेल तर तो तुझ्यामाझ्या मदतीवाचून तारील' असे म्हणाले, अशी गोष्ट सांगतात. केरी खाली बसला नाही. १७९३ मध्ये तो बंगालला आला, आणि सेरामपूरहून १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण व १८११ मध्ये मराठी नवा करार छापून निघाला. सारे देवाने ठरवले आहे असे मानणारा माणूस प्रुफे तपासत बसला. आमच्या नगरला १८३१ मध्ये आलेले अमेरिकन मिशनरीही, सारे देवाने ठरवले आहे असे शिकवणाऱ्या, कॅल्विनच्याच घराण्यातले. शाळा काढल्या, विहिरी खणल्या. (कठडे बांधायचे राहिले, ते वर आलेच आहे.)

पहिल्या मित्राला सांग, पौलाच्या रोमकरांस पत्राचा नववा अध्याय वाचलास ना, मग अकराव्यापर्यंत जा. मध्येच थांबणारा माणूस घाटातच एसटीतून उतरल्यासारखा आहे. नवव्यात कुंभार आणि माती आहे : अरे मानवा, देवाला उलट बोलणारा तू कोण? अकराव्यात देवाने सर्वांवर दया करावी म्हणून सर्वांना कोंडले आहे, असे येते आणि पौल वाद सोडून स्तुती करू लागतो. शिवाय तो कुंभार पौलाचा नव्हे, यिर्मयाचा. यिर्मयाच्या १८ व्या अध्यायात संदेष्टा कुंभाराच्या घरी जाऊन उभा राहतो. चाकावरचे भांडे हातातच बिघडते. कुंभार गोळा फेकून देत नाही, त्याच मातीचे दुसरे भांडे करतो. आणि देव त्याचा अर्थ सांगतो : एखाद्या राष्ट्राचा नाश करीन असे मी म्हटले आणि ते राष्ट्र वळले, तर मीही माझा बेत फिरवीन. आता सांग, ही माती मुकी आहे का?

मी लहानपणी कुंभारवाड्याशेजारी राहिलो आहे. चाक फिरत असताना कुंभाराचा अंगठा मातीला दाबतो असे लांबून वाटते. जवळ जाऊन पाहिले की दिसते, माती जिकडे जड आहे तिकडे अंगठा सैल पडतो, जिकडे पातळ आहे तिकडे आतून आधार देतो. चाक, हात आणि मडके सगळे कुंभाराचेच आहे; तरी तो मातीचा कल पाहतो. फिलिप्पैकरांस पत्रात पौल एका दमात दोन गोष्टी लिहितो : भीत व कापत आपले तारण साधून घ्या, कारण इच्छा करणे व कृती करणे हे तुमच्या ठायी साधून देणारा देव आहे. त्या 'कारण' शब्दावर शतकानुशतके डोकी फुटली आहेत. पौलाला मात्र तिथे काही अडचण वाटलेली दिसत नाही.

मी स्वतः कोणत्या बाजूचा? शनिवारी रात्रीपर्यंत उपदेशाची तयारी झाली नाही की मी कॅल्विनचा असतो. एरवी कोणी सुधारायला तयार आहे असे दिसले की, माणसाला निवड आहे म्हणणाऱ्या, वेस्लीचा. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली तेव्हा काँग्रिगेशनल, प्रेस्बिटेरियन, बाप्टिस्ट, अँग्लिकन आणि ब्रिटिश परंपरेचे मेथडिस्ट अशा सगळ्यांची नातवंडे-पतवंडे एका मंडळीत आली. डॉर्टचा कोण आणि वेस्लीचा कोण, हे आज आमच्या बाकांवर पाहून सांगता येत नाही. तुमचा गट सात-आठ पोरांचा असेल. एका सतरंजीवर मावेल.

प्रश्न : नवरा दारू पिऊन मारतो. मंडळीच्या पंचांकडे गेले तर त्यांनी इफिसकरांस पत्र काढून वाचले, 'स्त्रियांनो, पतीच्या अधीन असा', आणि सहन करणे हाच वधस्तंभ असे सांगून घरी पाठवले. देवाच्या अधीन राहायचे तर हे सोसलेच पाहिजे का?
— नाव-गाव देत नाही

मुली, नाही.

पंचांनी पाचव्या अध्यायाचे २२ वे वचन वाचले. त्यांना सांग, बोट एक ओळ वर सरकवा. २१ वे वचन आहे, 'ख्रिस्ताचे भय बाळगून एकमेकांच्या अधीन असा'. आणि २५ व्यात पतीला सांगितले आहे की ख्रिस्ताने मंडळीवर प्रीती करून स्वतःला तिच्यासाठी दिले तशी प्रीती कर. ख्रिस्ताने मंडळीला दारू पिऊन मारल्याचे माझ्या वाचनात नाही. पहिल्या शमुवेलात नाबाल नावाचा दांडगट माणूस आहे. त्याच्या आडमुठेपणाने सगळे घर कापले जाणार असे दिसताच त्याची बायको अबीगईल नवऱ्याला न सांगता गाढवांवर शिधा लादून दावीदाला भेटायला निघते. शास्त्र तिला शहाणी म्हणते. 'अधीन नव्हती' असे कुठे म्हणत नाही.

देवाच्या अधीन होणे म्हणजे देवाच्या नावाने बोलणाऱ्या प्रत्येकाच्या अधीन होणे नव्हे. हे आपल्या मराठी मंडळीत सर्वांत स्वच्छ पंडिता रमाबाईंनी सांगितले. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि पुढे दोनच वर्षांत त्यांच्या आध्यात्मिक पालक असलेल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचे खटके उडू लागले. १८८५ च्या पत्रात त्यांनी लिहिले त्याचा आशय असा : भारतातल्या पुरोहितवर्गाचे जू मी मोठ्या कष्टाने काढून टाकले आहे, पाद्री जे जे सांगतील ते परात्पराची आज्ञा म्हणून मान्य करून तसलेच दुसरे जू मी मानेवर घेणार नाही. मला माझी विवेकबुद्धी आहे. ही बाई बंडखोर म्हणावी, तर पुढे केडगावला मुक्ती मिशन उभारून शेकडो दुष्काळग्रस्त मुलींना सांभाळताना उद्याचे धान्य कुठून येणार हे ती गुडघे टेकून देवालाच विचारी. तिच्याइतकी देवाच्या अधीन असलेली व्यक्ती दाखवा म्हटले तर मला शोधावे लागेल.

कामाचे सांगतो. महिला हेल्पलाइनचा क्रमांक १८१. जिवावर बेतले तर ११२. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध २००५ चा कायदा आहे आणि त्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी आहेत. त्या कायद्याने तुला राहत्या घरातून बाहेर काढता येत नाही. अंगावर वळ असतील तर सरकारी दवाखान्यात दाखवून कागद घे. हे सगळे करताना प्रार्थना कर, पण आधी फोन कर.

पंचांपैकी कोणी हे वाचत असेल तर त्यांच्याशी मला वेगळे बोलायचे आहे. अंकात नको.

प्रश्न : आमच्या शेजारचे ख्रिस्ती कुटुंब 'देवाच्या इच्छेला मान तुकवावी' म्हणते. आमच्याकडे तुकोबांचे 'ठेविले अनंते तैसेचि राहावे' आहे. एकच ना दोन्ही?
— एक वारकरी, सातारा जिल्हा

माउली, जवळजवळ. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायाशी आलो असे ते म्हणत. पुलाची दोन्ही टोके वेगळी असतात हे खरेच, पण पूल आहे.

तुम्ही मात्र तुकोबांचे एवढेच का घेता? वह्या इंद्रायणीत गेल्या तेव्हा तुकोबा 'ठेविले तैसेचि' राहिले नाहीत. परंपरा सांगते की ते तेरा दिवस अन्नपाण्यावाचून शिळेवर धरणे धरून बसले. विठोबाशी त्यांनी किती भांडावे याला हिशेब नाही. आमच्याकडे याकोब आहे : यब्बोक नदीकाठी रात्रभर देवाशी झोंबला, मांडीचा सांधा निखळला तरी 'आशीर्वाद दिल्याशिवाय सोडणार नाही' म्हणाला, आणि लंगडत पुढे गेला. मला वाटते, समाधानाची वचने म्हणायचा हक्क या दोघांना भांडून झाल्यावर मिळाला. लोक तेवढीच वचने उचलतात, भांडण सोडून देतात. तुमचे शेजारी काय म्हणतात ते मला कळवा. एकदा चहाला बसून बोललात तर जास्त बरे.

प्रश्न : मी नुकताच एका ग्रामीण मंडळीत उपदेशक म्हणून लागलो आहे. मयताच्या घरी 'देवाची इच्छा' म्हणू नये असे तुम्ही मागेही एकदा लिहिले होते. मग म्हणावे तरी काय?
— एक तरुण उपदेशक, जालना जिल्हा

पहिल्या दिवशी काही म्हणू नका. खुर्च्या कमी असतील त्या शेजारून आणा. खड्डा खणायला माणसे गेली का पाहा, उन्हाळ्यात जमीन मुरमाड असली की चार तास लागतात. घरातल्या म्हाताऱ्यांनी गोळ्या घेतल्या का विचारा. शास्त्रपाठ लहान ठेवा. योसेफाची गोष्ट, भावांनी वाईट योजले पण देवाने ते चांगल्यासाठी योजले, ही त्या दिवशी घेऊ नका. योसेफानेही ते खड्ड्यात पडल्या पडल्या म्हटलेले नाही. मिसरात कोठारे भरल्यावर, बाप वारल्यावर, भाऊ समोर उभे असताना म्हटले. मधे किती वर्षे गेली ते उत्पत्तीत मोजून पाहा.

तिसऱ्या महिन्यात पुन्हा जा. तोवर बाकीचे यायचे थांबलेले असतात. बायबल पिशवीतच राहू द्या, मागितले तर काढा. नेवाशाच्या त्या आईने माझ्याकडे ते सातव्या महिन्यात मागितले. मी सवयीने २३ वे स्तोत्र काढू लागलो. ती म्हणाली, "मेंढपाळाचं नको, पाळकसाहेब. ते सगळे वाचून गेले. अंधाराचं एक आहे ना, ते वाचा." ते ८८ वे. १५० स्तोत्रांत सर्वांत काळे. विनवणीने सुरू होते आणि शेवटच्या शब्दापर्यंत उजेड येत नाही. मी ते संपते तिथेच थांबलो, पुढे आपले काही जोडले नाही. तिने चुलीवरचा चहा गाळला. बिनदुधाचा होता.